रहाटपाळण्यापाशी उभा असलेला माणूस

दिवाळी सरली, की आमच्या सालेकसा तालुक्यात मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेनंतर एकेका गावाची मंडई एकेका ठरलेल्या दिवशी भरते. दिवसा बाजार व दंडार, रात्री नाटक; लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. धान कापून मोकळ्या झालेल्या एखाद्या बांधीत आदल्या संध्याकाळी टेम्पो येऊन थांबतो आणि त्यातून लोखंडी दांडे, पाळणे, साखळ्या व एक डिझेल इंजिन उतरते. रातोरात रहाटपाळणा उभा राहतो. मंडई आटोपली, की तो तितक्याच लगबगीने उतरवला जातो व पुढच्या गावाची वाट धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधीत जाऊन पाहावे, तर खांब रोवल्याचे खड्डे, इंजिनाखाली सांडलेल्या तेलाचा काळा डाग आणि चिवड्याचे चुरगळलेले कागद, एवढाच त्या साऱ्या आनंदाचा पुरावा शिल्लक असतो.

हे खड्डे आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत. गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या शहरांतील करमणूक उद्याने एकामागून एक बंद पडल्याच्या बातम्या वाचताना आम्हांला त्यांचीच आठवण होत राहिली. मंडईचा पाळणा एका रात्रीत उतरतो, उद्यानाचा पाळणा तीस वर्षांनी उतरतो, एवढाच फरक. उद्यान बंद झाले, की वर्तमानपत्रांत लेख येतात. मालकाचे नाव येते, पाळण्यांची उंची येते, जमिनीची किंमत येते. आमच्या मांडीवरचा लोखंडी दांडा ज्याने खाली ओढून नीट बसवला, हरवलेले मूल ज्याने खुर्चीवर बसवून ठेवले, त्याच्याविषयी मात्र एक ओळ नसते. आणि लोकांना आपण सहज विचारावे, तुम्हांला त्या उद्यानातले काय आठवते, तर ते बहुधा त्याच माणसाविषयी बोलू लागतात. म्हणून हा इतिहास त्या माणसाच्या बाजूने पाहावा, असे आम्हांला वाटले.

पाळणा ही काही पाश्चात्त्यांनी आपल्याला दिलेली वस्तू नव्हे. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६१५ साली कॉन्स्टँटिनोपल येथे होता. रमजानच्या उत्सवात त्याने तेथे एक मोठा रहाटपाळणा पाहिला व हौसेने त्यात बसला. वरखाली जाण्याच्या त्या वेगाने तो हरखून गेला. परंतु त्याच्या शेजारी बसलेल्या एका ग्रीक गृहस्थाला तो वेग सोसवेना व ‘पुरे, पुरे’ म्हणून तो ओरडू लागला. हाच देल्ला वाल्ले पुढे १६२३ मध्ये हिंदुस्थानात आला, आणि सुरत, चौल, गोवे असा फिरला. त्याच्या पत्रांतील या प्रसंगात आम्हांला रस आहे तो त्या ग्रीक गृहस्थामुळे. त्याची हाक ऐकून कोणी तरी पाळणा थांबविला असेलच. तो कोण होता, हे देल्ला वाल्लेने लिहिलेले नाही. करमणुकीच्या इतिहासात त्या माणसाचे वगळले जाणे इतके जुने आहे.

पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने पोलादी चक्र उभे केले. त्याची उंची २६४ फूट. छत्तीस डबे, प्रत्येक डब्यात साठ माणसे. म्हणजे एका वेळी दोन हजारांहून अधिक लोक हवेत. फेरिस १८९६ मध्ये ऐन तारुण्यात वारला आणि त्याचे मूळ चक्र १९०६ मध्ये सुरुंग लावून मोडण्यात आले. नाव तेवढे उरले. आजही इंग्रजीत प्रत्येक रहाटपाळण्याला त्याचेच नाव आहे.

आमच्या मंडईच्या पाळण्याजवळ थोडा वेळ उभे राहिले, तर या धंद्याचे अर्धे शास्त्र समजते. पहिला पाळणा भरला, की लगेच त्याच्या शेजारचा भरत नाहीत. चक्र अर्धे फिरवून समोरचा भरतात. एका बाजूला भार पडला, तर इंजिनावर ताण येतो व पाळणा हिसका देतो. भरताना जाड माणूस कोठे, दोन मुलांसह बसलेली आई कोठे, हे चालविणाऱ्याच्या नजरेला दिसत असते. तो कोणाला काही सांगत नाही, ‘तुमी थांबा, तुमी या’ एवढेच म्हणतो. लोकांना वाटते, हा उगीच वशिला लावतो. खरे म्हणजे तो हिशेब करीत असतो.

हे आम्हांला ज्याने समजावून दिले, तो आमच्याच परिसरातील एक तरुण. आता त्याची तिशी उलटली आहे. येथे धानाचे एक पीक निघाले की तरुण मुले कामासाठी बाहेर पडतात. कोणी नागपूरला, कोणी हैदराबादला, कोणी मुंबईला. हा मुंबईजवळच्या एका करमणूक उद्यानात लागला व काही वर्षे तेथे पाळणे चालवीत होता. २०२० च्या टाळेबंदीत तो परतला. उद्यानाने पुन्हा बोलाविले नाही, शेवटच्या महिन्याच्या पगाराचेही काही कळविले नाही. त्या उद्यानाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्याच्याकडे अद्याप तेथले ओळखपत्र आहे, प्लॅस्टिकच्या पाकिटात, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलेले.

आम्ही त्याला विचारले, तेथे तुला शिकविले काय? त्याने सांगितले, की दोन प्रकारचे शिक्षण असे. एक गणवेशातील साहेबांचे: हसावे, नमस्कार म्हणावे, बोट दाखवून रस्ता सांगू नये, पूर्ण हात पसरून सांगावा, ‘मला माहीत नाही’ असे म्हणू नये. दुसरे यंत्रशाळेतील एका वयस्क मिस्त्रीचे: सकाळी फाटक उघडण्याच्या आधी पाळणा रिकामा फिरवावा, मग वाळूची पोती घालून फिरवावा, कान देऊन ऐकावा, आवाज बदलला तर साहेबाला सांगावे आणि साहेबाने ऐकले नाही तरी चालवू नये. दांड्याविषयी त्या मिस्त्रीचा एकच नियम होता, तो या तरुणाने आम्हांला आपल्या बोलीत सांगितला: “फादर, पयले हातानं ओढून पायचं, मंगच बटन.” डोळ्यांनी पाहून दांडा बसला आहे असे समजायचे नाही, हाताने ओढायचा, दोनदा.

आणि सर्वांत अवघड काम कोणते, असे विचारता तो म्हणाला, मुलांना परत पाठविणे. पाळण्याच्या दाराशी उंचीची खूण असलेली फळी असते. मूल त्या खुणेपेक्षा दोन बोटे कमी भरले, तर त्याला घेता येत नाही. मूल रडते. बाप चिडतो; आम्ही इतक्या लांबून आलो, पैसे भरले, दोन बोटांनी काय होते, असे म्हणतो. कोणी हळूच नोट पुढे करतो. कोणी तक्रारवहीत त्याचे नाव लिहितो. संध्याकाळी त्या वहीतील नावांची साहेबांसमोर झडती होई. ज्याने सर्वांना हसून आत सोडले, त्याचे नाव कधी त्या वहीत नसे.

हे ऐकल्यापासून ‘ग्राहकसेवा’ या शब्दाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. या शब्दाचा उगम करमणुकीच्या धंद्यात शोधू गेल्यास डिस्नेलँडपर्यंत जावे लागते. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले. पहिला दिवस म्हणजे फजितीचा कळस होता. बनावट निमंत्रणपत्रे घेऊन हजारो लोक आत शिरले. उन्हाने नवे डांबर मऊ पडले व बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची कारंजी आणि शौचालये यांपैकी एकच गोष्ट वेळेवर पूर्ण करता येणार होती. वॉल्ट डिस्नेने शौचालये निवडली. उकाड्यात तहानलेल्या लोकांना वाटले, की शीतपेये विकण्यासाठी हा डाव केला आहे.

त्या संस्थेने या फजितीतून धडा घेतला. व्हॅन फ्रान्स नावाच्या गृहस्थाने नोकरांसाठी शिक्षणवर्ग काढला. येणाऱ्याला ग्राहक म्हणायचे नाही, पाहुणा म्हणायचे. नोकराला नोकर म्हणायचे नाही, नाटक मंडळीतील नट म्हणायचे. झाडूवाल्यालाही रस्ता सांगता आला पाहिजे, कारण लोक त्यालाच विचारतात. आपल्याकडच्या गणवेशधारी साहेबांनी ‘हसा आणि नमस्कार म्हणा’ हे जे उचलले, ते बरेचसे तेथून. पण तेथील मूळच्या चार तत्त्वांचा क्रम पाहण्यासारखा आहे: सुरक्षितता, सौजन्य, देखावा, आणि सर्वांत शेवटी कामाचा वेग. सौजन्य दुसरे आहे, पहिले नाही. आमच्या मंडळींनी अनेकदा पहिले तत्त्व वगळून दुसऱ्यापासूनच पाठ सुरू केला, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होईल असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या देशातील पहिले मोठे करमणूक उद्यान दिल्लीचे अप्पू घर. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे चिन्ह असलेल्या हत्तीच्या पिलावरून त्याचे नाव ठेवले. प्रगती मैदानावर १९ नोव्हेंबर १९८४ रोजी राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले. तो दिवस इंदिराजींच्या जन्माचा. आणि त्यांची हत्या होऊन अवघे एकोणीस दिवस झाले होते. दिल्लीत त्या नोव्हेंबरात काय घडले, हे वाचकांना सांगायला नको. त्याच शहरात त्याच महिन्यात लहान मुलांसाठी पाळणे सुरू झाले, ही नोंद वाचताना मन थबकते. सुमारे तेवीस वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, ते बंद झाले. जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला व मेट्रोला हवी होती. ज्या हत्तीवरून ‘अप्पू’ घडला, तो केरळातील खरा हत्ती त्याआधीच, २००५ मध्ये, वारला होता.

अप्पू घर आणि मुंबईचे एस्सेल वर्ल्ड या दोहोंच्या दरम्यान एक गोष्ट घडली, तिची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत बँक, विमा, वाहतूक, वीज यांच्या ओळीत करमणूकही आली. म्हणजे पाळण्याचे तिकीट काढणारा माणूस या देशात कायद्याने ग्राहक ठरला, त्याच्या हाती तक्रारीचा हक्क आला. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापून हात झटकणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

आता एस्सेल वर्ल्ड. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुळे उत्तर कोकणात आहेत, म्हणून त्यांना गोराईचा भूगोल ठाऊक असेल. परंतु विदर्भातील वाचकांसाठी थोडे सांगतो. मुंबईच्या वायव्येला, भाईंदरच्या खाडीपासून मनोरीच्या खाडीपर्यंत समुद्रालगत जी लांबोळी भूमी आहे, तिला जुने लोक धारावी बेट म्हणतात. झोपडपट्टीमुळे जगाला माहीत झालेली धारावी ती वेगळी. या बेटावर उत्तन, चौक, पाली, डोंगरी, गोराई, मनोरी अशी गावे आहेत. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेईपर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गोराईचे चर्च पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या नावाचे आहे. लांबून तारा पाहत आलेल्या प्रवाशांच्या नावाचे ते चर्च, आणि त्याच गावात १९८९ मध्ये लांबून माणसे आणणारे उद्यान उभे राहिले, हा निव्वळ योगायोग होय. तरी तो आम्हांला नेहमीच गमतीचा वाटत आला.

सुभाषचंद्र यांच्या उद्योगसमूहाने ते उभारले. खासगी दूरचित्रवाणीसाठी त्यांचे नाव देशभर झाले ते नंतर, १९९२ पासून. खाडीतून फेरीबोटीने जायचे. मालाडजवळच्या मार्व्याहून किंवा बोरिवलीच्या बाजूने. आमच्या मते त्या उद्यानाचे निम्मे यश त्या बोटीत होते. बसने थेट फाटकाशी उतरलेल्या माणसाला आपण कोठे तरी गेलो असे वाटत नाही. पाणी ओलांडले, की वाटते. दूरदर्शनवर त्याच्या जाहिरातीचे गाणे लागे, त्यात एक मूल घरी परतण्यास नकार देते. ते गाणे त्या काळात इतके तोंडी बसले होते, की धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही वर्ग सुटताना उलटे करून म्हणत, आणि सिस्टर रागावत.

आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. एका सुट्टीत वेदीसेवक मुलांची सहल घेऊन गोराईला गेलो. पन्नासेक मुले आणि आम्ही तिघे. दुपारी मोजणी केली तर एक कमी. ते अर्धे तास कसे गेले, हे अद्याप आठवते. शेवटी तो मुलगा सापडला एका पाळण्याच्या तिकीटखिडकीत. तेथील बाईने त्याला रडताना पाहून आत घेतले होते, स्वतःच्या डब्यातील पोळी दिली होती, आणि त्याचे मन रमावे म्हणून येणाऱ्यांची तिकिटे पंच करण्याचे यंत्र त्याच्या हाती दिले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याला परत यायचेच नव्हते. तो मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे. मध्यंतरी भेटला असता आम्ही विचारले, त्या दिवसाचे काय आठवते? पाळणे त्याला एकही आठवत नव्हते. तिकिटाला पडणारे छिद्र त्रिकोणी होते, हे त्याला आठवत होते.

१९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम हे जलोद्यान सुरू झाले. दोहोंची मिळून सुमारे ६४ एकर जागा. पुढे त्याच परिसरात, समूहाच्या प्रमुखांनी दान दिलेल्या जागेवर, विश्व विपश्यना पॅगोडा उभा राहिला. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बोटीतून उतरल्यावर एका वाटेने किंकाळ्या ऐकू येत आणि दुसऱ्या वाटेने मौन पाळायचे असे.

परंतु बेटावरील गावांची या साऱ्याविषयी दोन मने होती, ती येथे लपवून ठेवणे योग्य होणार नाही. गोराई-मनोरीला गोड्या पाण्याची टंचाई जुनीच. ज्या गावच्या बायका हंड्यासाठी थांबतात, त्या गावाशेजारी हजारो लोक पाण्याच्या घसरगुंडीवरून घसरत येतात, हे दृश्य कोणालाही बोचणारे. खाडी, तिवरे, मिठागरे, मासेमारी यांचे प्रश्न होतेच. २००५ च्या कायद्यानंतर या बेटावर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा गावकरी एकवटून उभे राहिले आणि तो प्रस्ताव मागे पडला. दुसरीकडे, बोटवाले, रिक्षावाले, टांगेवाले, ताडगोळे नि आंबोशी विकणाऱ्या बाया, समुद्रकाठी खोल्या भाड्याने देणारी घरे, यांची चूल त्या गर्दीवर पेटत असे. एकाच घरात बाप मोर्चात आणि मुलगा गणवेशात, असे होणे काही अशक्य नव्हते. आम्ही बाहेरून आलेली माणसे एका दिवसाचे तिकीट काढून जात होतो. त्यांना रोज तेथे राहायचे होते.

बंद होण्याची कारणे एकाच खात्यावर टाकता येत नाहीत. लोकांना हिंडण्यासाठी मॉल आले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले, नवी यंत्रे, नवा डौल घेऊन. २०१७ च्या जुलैमध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा अशा उद्यानांवर २८ टक्के कर बसला. तो १८ टक्क्यांवर आला २०१८ च्या जानेवारीत. आणि मग २०२० चा मार्च. पाळणे थांबले. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभे असलेले लोखंड रोज फिरवले नाही, तर ते काय होते, हे कोणत्याही कोळ्याला विचारावे. २०२२ मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाले. वॉटर किंगडम मात्र त्यानंतरही चालू राहिले. जाहिरातीतील घरी न जाणारे मूल त्या वर्षी, म्हटले तर, घरी गेले.

आमच्या अंगणातील उदाहरण नागपूरचे. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीच्या काठी, क्रेझी कॅसल हे जलोद्यान होते. गोंदिया-भंडाऱ्याच्या शाळांच्या सहली तेथे जात. तेही बंद पडले. २३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा नदीच्या वाटेतील बांधकामांच्या यादीत या जुन्या उद्यानाचेही नाव पुन्हा निघाले. ज्या पाण्यात मुले खेळली, त्याचे नाव अशा रीतीने परत यावे, याचे वाईट वाटते.

बंद उद्यानांची छायाचित्रे काढीत हिंडणारे लोक जगात पुष्कळ आहेत. जपानमधील नारा ड्रीमलँड १९६१ मध्ये उघडले, २००६ मध्ये मिटले, आणि मोडले जाईपर्यंत दहा वर्षे गंजत उभे होते. वेलींनी वेढलेल्या त्याच्या लाकडी रुळांची चित्रे जगभर गेली. युक्रेनमधील प्रिप्यातचे उद्यान १ मे १९८६ ला उघडायचे होते. २६ एप्रिलला शेजारच्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि गाव रिकामे करण्यात आले. तेथील पिवळ्या पाळण्यांचे चक्र अद्याप उभे आहे. ही चित्रे आम्हांला उदास करतात खरी, पण त्यांविषयी आमची एक तक्रार आहे. त्यांत माणूस नसतो. छायाचित्रकार मुद्दाम माणूस नसलेली वेळ निवडतो आणि मग त्या रिकामेपणाचे कौतुक होते. ज्यांनी त्या जागी वीस वर्षे दांडे ओढले, ते कोठे आहेत, काय करतात, हे त्या चित्रांत विचारलेले नसते.

याच ठिकाणी राजकोटचा उल्लेख करणे आम्हांला भाग आहे. २५ मे २०२४ रोजी तेथील टीआरपी गेम झोनला आग लागली आणि २७ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत मुले होती. सुट्टीचे दिवस, शनिवार, आणि प्रवेशासाठी नव्व्याण्णव रुपयांची सवलत. अग्निशमन दलाचा दाखला नव्हता. त्याच्या पाच वर्षे आधी, जुलै २०१९ मध्ये, अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोका घेणारा एक पाळणा मोडून दोघे गेले होते. सवलत हीही ग्राहकसेवाच म्हणायची. तेथेही कोणी तरी हसून तिकीट दिले असेल, नमस्कार म्हटले असेल. ज्याने ‘आज नाही’ असे म्हणायला हवे होते, तो जागेवर नव्हता, किंवा त्याला तसे म्हणण्याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता. आमच्या तरुणाला आम्ही ही बातमी वाचून दाखविली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्या मिस्त्रीला नोकरीवरून काढले होते, टाळेबंदीच्याही आधी. फार ‘नाही’ म्हणतो, म्हणून.

सालेकशाहून दरेकसाकडे जाताना, मुंबई-हावडा लोहमार्गालगतच्या जंगलात हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात तेथे गोंदिया, बालाघाट, राजनांदगावकडून माणसे येतात. आसपासच्या गावची वन व्यवस्थापन समितीची मुले-मुली तेथे प्रवेशाची पावती फाडतात, प्लॅस्टिक गोळा करतात, आणि मुख्य म्हणजे पाण्याजवळ उभी राहतात. शहरी पाहुण्यांना ती आवडत नाहीत. छायाचित्रासाठी एक दगड आणखी पुढे जायचे असते आणि ही खेड्यातील पोरे दोरी आडवी धरतात. आमचा हा तरुण सध्या शेती करतो, गवंड्याच्या हाताखाली जातो. एकदा एका पावसाळ्यात तो आमच्याबरोबर तेथे आला होता. दोरी धरलेल्या मुलीशी एक गृहस्थ हुज्जत घालीत होते, तुझ्या साहेबाला बोलाव म्हणत होते. तो तिच्या शेजारी जाऊन नुसता उभा राहिला. गृहस्थ परतल्यावर तिला म्हणाला, की तुझे नाव लिहायला येथे वही नाही, हे बरे आहे.

गेल्या मंडईत तो आपल्या मुलीला घेऊन रहाटपाळण्यावर आला. आम्हीही तेथेच होतो. मुलीला पाळण्यात बसवून चालविणाऱ्याने दांडा लावला आणि तो इंजिनाकडे वळला. याने पुढे होऊन तो दांडा हाताने ओढून पाहिला. एकदा, आणि पुन्हा एकदा. चालविणारा थांबला. पाळणा चालविणाऱ्या माणसाच्या कामात कोणी हात घातलेला त्याला खपत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. त्याने याला खालपासून वरपर्यंत पाहिले व विचारले, “कोठं होता तू?” याने उद्यानाचे नाव सांगितले. मग दोघे इंजिनाच्या आवाजात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत राहिले. पट्ट्याविषयी, वंगणाविषयी, पगाराविषयी बोलत असावेत. रांगेतील लोक कुरकुरू लागले. ठरलेल्या फेऱ्या केव्हाच संपल्या होत्या. मुलगी मात्र वरून खाली येताना प्रत्येक वेळी आम्हांला हात करीत होती, आणि तिला चार फेऱ्या जास्त मिळाल्या.